ताऱ्यांपासून तापापर्यंत: 'इन्फ्लुएन्स' या शब्दाचा प्रवास

एखाद्या विचाराचा, सत्तेचा किंवा व्यक्तीचा दूरवर बसलेला पगडा सांगण्यासाठी योजला जाणारा 'इन्फ्लुएन्स' हा इंग्रजी शब्द मुळात राजकारणाचा नसून ज्योतिषाचा आहे. लॅटिनमध्ये 'इन' म्हणजे आत आणि 'फ्लुएरे' म्हणजे वाहणे. त्यांपासून मध्ययुगात 'इन्फ्लुएन्शिया' हे नाम रूढ झाले आणि ग्रहताऱ्यांमधून एक अदृश्य, प्रवाही तत्त्व पृथ्वीवर झिरपते व माणसाचा स्वभाव, दैव आणि प्रकृती घडवते, ही त्या काळच्या युरोपची समजूत त्यात सामावली. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने 'ट्रॉयलस अँड क्रिसेड' या काव्यात हा शब्द वापरला, तोही याच अर्थाने. संस्कृतातील 'ग्रह' हा शब्द मात्र पकडणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. तिकडचा तारा माणसात पाझरतो, तर इकडचा त्याला धरून ठेवतो, हा भेद लक्षणीय आहे.

माणसाने माणसावर चालवलेल्या वजनाला पुढे हाच शब्द लागू झाला, परंतु त्याचा खरा विलक्षण फाटा इटलीत फुटला. तेथे एकाच वेळी गावेच्या गावे तापाने फणफणत, तेव्हा हा आकाशाचा प्रभाव आहे असे मानले जाई आणि साथीलाच 'इन्फ्लुएन्झा', म्हणजे प्रभाव, म्हणत. १७४३ मध्ये रोममधील साथीच्या बातम्यांबरोबर हे नाव इंग्रजीत आले. १९३३ मध्ये लंडनमधील संशोधकांनी मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा केला, तोवर ताऱ्यांना दोष देणारा वैद्य उरला नव्हता. नाव मात्र टिकले, कारण इतक्या सर्वव्यापी आजाराला 'प्रभाव' याहून नेमका शब्द सापडणे कठीणच होते.

याच आजाराची जागतिक साथ भारतात पोहोचली, तेव्हा १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा करणारे सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले, आणि सप्टेंबरात उसळलेली दुसरी लाट इतकी घातक ठरली की ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी शहरात ७६८ माणसे दगावली. सरकारी अहवालांत हा आजार 'इन्फ्लुएन्झा' म्हणून नोंदला गेला. मराठी खेड्यांनी मात्र आकाशाकडे न पाहता रोग्याच्या देहाकडे पाहिले आणि त्याला 'मानमोडी', म्हणजे मान मोडणारा ताप, असे नाव दिले.