पायरी न चढलेला माणूस

कॅथलिक 'फादर' कोण असतो, हे आपल्याला हिंदी सिनेमानं शिकवलं. 'सिस्टर' कोण, हे कॉन्व्हेंट शाळांनी. 'ब्रदर' कोण, असं विचारलं तर मात्र बहुतेक जण म्हणतात, "फादर व्हायच्या आधीची पायरी असेल."

हे अर्धंच खरं आहे. पाद्री होण्यासाठी शिकणाऱ्या मुलांनाही ब्रदर म्हणतात. पण आयुष्यभर ब्रदरच राहणारे लोकही असतात. ते दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेतात, संघात राहतात, पण पाद्री होत नाहीत. त्यांना मिस्सा अर्पण करता येत नाही, कुणाचा पापनिवेदनाचा संस्कार ऐकता येत नाही. मराठी बायबलमध्ये देवाच्या हाकेला 'पाचारण' असा शब्द आहे. ब्रदर म्हणतो, मला पाचारण आहे, पण वेदीपाशी उभं राहण्याचं नाही.

मी आयटीत काम करतो. आमच्याकडे सात-आठ वर्षं कोड लिहिलेल्या माणसाला ठरलेला प्रश्न येतो, "मॅनेजर कधी होणार?" 'नाही व्हायचं मला' असं म्हटलं की समोरचा काळजीनं बघतो. म्हणून वरची पायरी समोर असताना ती न चढणाऱ्यांबद्दल मला कुतूहल आहे. त्या शोधात सापडलेल्या एका माणसाची ही गोष्ट आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. जेझुइट संघाला पोपची मान्यता मिळाली १५४० साली. काम इतकं वाढलं की नुसते पाद्री पुरेनात. १५४६ मध्ये पोप तिसरा पॉल यानं संघाला मदतनीस घ्यायची परवानगी दिली. त्यातूनच जेझुइट ब्रदर आले. स्वयंपाक, शिवणकाम, सुतारकी, हिशेब, दाराची राखण अशी कामं त्यांच्याकडे असत. स्पेनमधला अल्फोन्सस रॉड्रिग्ज हा कापडाचा व्यापारी. बायको-मुलं गेल्यावर तो ब्रदर झाला आणि माजोर्का बेटावरच्या कॉलेजात त्यानं कित्येक दशकं दरवान म्हणून काढली. १८८८ मध्ये त्याला संत घोषित केलं गेलं. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर १५५६ मध्ये गोव्यात भारतातला पहिला छापखाना सुरू झाला, तो चालवणारा जुआन द बुस्तामांते ब्रदर होता. पुढे गोव्यात तमिळ अक्षरांचे खिळे तयार करणारा जुआंव गोन्साल्विस हाही ब्रदरच.

हे लोक घडायचे कसे? जेझुइट उमेदवाराला सुरुवातीला दोन वर्षं नवशिक्या म्हणून काढावी लागतात. संघाच्या घटनेत त्या काळासाठी सहा कसोट्या सांगितल्या आहेत. एक महिना मौनात ध्यान-चिंतन. एक महिना इस्पितळात रुग्णांची सेवा. एक महिना खिशात पैसा न ठेवता, दारोदार मागत पायी यात्रा. मग घरातली हलकी मानलेली कामं, मुलांना आणि अडाण्यांना धर्मशिक्षण आणि शेवटी, ज्याला त्याला झेपेल तसं, प्रवचन किंवा पापनिवेदन ऐकणं. यादी बघितली तर लक्षात येतं की यात पुस्तकं फार कमी आहेत. माणसाकडचा पैसा, ओळख आणि हुद्दा काढून घेतल्यावर काय उरतं, हे त्याला स्वतःला कळावं, असा तो बेत आहे.

याच घटनेत दुसरी एक बाजूही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. ब्रदरांनी संघात येताना जेवढं शिक्षण होतं त्याहून जास्त शिकण्याची इच्छा धरू नये, असं तिथे सांगितलं होतं. म्हणजे नम्रता हा सद्गुण होताच, पण ती नियमानं ठरवूनही दिलेली होती. एकाच घरात, एकाच व्रतांखाली राहूनही काही जण शिकवणारे आणि काही जण भांडी घासणारे, अशी उतरंड तयार झाली. आज ब्रदर डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर असतात. २०१५ मध्ये व्हॅटिकननं फक्त ब्रदरांच्या पाचारणावर वेगळा दस्तऐवज काढला. पण तिथवर यायला शतकं लागली.

आता बेंतो द गोइश. जन्म १५६२, पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर. तो भारतात आला सैनिक म्हणून. गोव्यात जेझुइट संघात शिरला, मग सोडून होर्मुझला गेला आणि १५८८ मध्ये परत आला. दुसऱ्यांदा आल्यावर मात्र टिकला. तू पाद्री हो, असं त्याला सुचवलं गेलं होतं. त्यानं नकार दिला.

१५९५ मध्ये तो जेरोम झेव्हियर आणि मानुएल पिन्हेइरो या दोन पाद्र्यांबरोबर अकबराच्या लाहोरच्या दरबारात पोचला. तिथे फारसी शिकला, बादशहाचा विश्वास मिळवला. अकबरानं गोव्याला वकिलात पाठवली, तिच्याबरोबरही तो होता.

त्या वेळी युरोपात एक कोडं होतं. मार्को पोलोनं वर्णन केलेला 'कॅथे' देश कुठे आहे? लाहोरचे व्यापारी 'खिताई' नावाच्या देशाबद्दल सांगत, तिथे ख्रिस्ती लोक आहेत असंही म्हणत. बीजिंगमध्ये पोचलेला मात्तेओ रिची कळवत होता की कॅथे म्हणजे चीनच. खरं काय ते जमिनीवरून चालत जाऊनच ठरणार होतं. संघानं या कामासाठी निवडला बेंतो. कुणी मोठा विद्वान नाही, तर भाषा, व्यवहार आणि हालअपेष्टा या तिन्हींत मुरलेला ब्रदर.

ऑक्टोबर १६०२ मध्ये तो आग्र्याहून निघाला. दाढी वाढवलेली, वेश आर्मेनियन व्यापाऱ्याचा, नाव अब्दुल्ला इसाई. सोबत इसाक नावाचा खराखुरा आर्मेनियन होता. लाहोर, पेशावर, काबूल. बाकीचे साथीदार काबूलला थांबले किंवा परतले, इसाक राहिला. पामीरच्या पठारावर थंडीनं त्याचे पाच घोडे मेले. यारकंदला पुढच्या तांड्यासाठी जवळजवळ वर्षभर थांबावं लागलं.

वाटेत कराशहरजवळ खिताईहून परतणारे व्यापारी भेटले. बीजिंगमध्ये ते रिचीच्याच वसतिगृहात उतरले होते. त्यांनी तिथल्या केरातून उचललेला एक कागद दाखवला. त्यावर पोर्तुगीजमध्ये काहीतरी खरडलेलं होतं. कोडं तिथेच सुटलं. खिताई, कॅथे आणि चीन हा एकच देश होता.

१६०५ संपता संपता तो चीनच्या भिंतीच्या पश्चिम टोकाजवळच्या सुचौला, म्हणजे आजच्या जिउछुआनला पोचला. तिथेच अडकला. पुढे जायला परवानगी नव्हती, पैसा संपत होता. त्यानं रिचीला पत्रं पाठवली. त्यातलं एक १६०६ च्या नोव्हेंबरात पोचलं. रिचीनं जुआंव फर्नांडिस नावाच्या चिनी तरुणाला धाडलं, जो पुढे स्वतःही जेझुइट ब्रदर झाला. मार्च १६०७ च्या अखेरीस तो पोचला तेव्हा बेंतो अंथरुणाला खिळलेला होता. फर्नांडिस त्याच्याशी पोर्तुगीजमध्ये बोलला. ११ एप्रिल १६०७ रोजी बेंतो गेला.

या गोष्टीत मला एक जागा फार टोचते. काबूल ओलांडल्यावर तीनेक वर्षं बेंतोला पाद्री भेटलाच नाही. म्हणजे मिस्सा नाही, पापनिवेदन नाही. शेवटी मदत आली ती आणणाराही पाद्री नव्हता. बेंतोनं एके काळी 'हो' म्हटलं असतं तर तो त्या वाळवंटात स्वतः मिस्सा अर्पण करू शकला असता. पाद्री न होण्याची किंमत त्यानं नेमक्या त्याच गोष्टीत मोजली, जी त्याच्या श्रद्धेच्या गाभ्याशी होती. पापनिवेदन न करता मरतोय याची त्याला जाणीव होती, तरी मन शांत असल्याचं तो म्हणाला, अशी नोंद रिचीच्या वृत्तान्तात आहे.

त्याची रोजनिशीही वाचली नाही. तांड्यातल्या लोकांकडून येणं असलेल्या रकमा तिच्यात लिहिलेल्या होत्या, म्हणून ती फाडली गेली. हिशेब ठेवणं हे ब्रदरचं नेहमीचं काम, आणि त्या हिशेबापायीच प्रवासाची कहाणी फाटली. उरलेले तुकडे बीजिंगला पोचले. ते तुकडे आणि इसाकची आठवण यांवरून रिचीनं सगळं जुळवून लिहिलं. १६१५ मध्ये ते लॅटिनमध्ये छापलं गेलं, म्हणून आपल्याला बेंतो माहीत आहे.

पायरी न चढणं म्हणजे महत्त्वाकांक्षा नसणं, असं आपण धरून चालतो. बेंतोकडे बघून ते पटत नाही. त्याच्या काळात एवढी मजल मारणारे किती होते? त्याला काम हवं होतं, पद नको होतं. आणि ज्यांना पद मिळूच दिलं नाही त्या ब्रदरांची नम्रता आणि बेंतोची नम्रता एका मापानं मोजू नये, एवढंही हा इतिहास सांगतो. निवड तीच, जिथे 'हो' म्हणायची मुभा होती.

इसाकचं काय झालं? मकाववरून, डचांच्या हाती सापडून सुटून, तो अखेर भारतात परतला. बायको वारल्याचं कळलं, म्हणून उत्तरेला गेलाच नाही. तो राहिला आपल्या चौलला. अलिबागला गेलात तर रेवदंड्याच्या कोटात एक चक्कर मारा. पामीर ओलांडून चीनच्या भिंतीपर्यंत बेंतोची साथ न सोडणारा माणूस याच किनाऱ्यावर स्थिरावला होता.