वंशावळीची फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना

वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी १९८४ मध्ये 'जेडकॉम' ही फाइलरचना तयार झाली. तिची जुनी 'ॲन्सेल' संकेतावली देवनागरी जाणत नाही. त्यामुळे पणजोबांच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हे उमटू शकतात. अशी हरवलेली अक्षरे त्या फाइलीतून परत मिळत नाहीत. म्हणून मूळ सॉफ्टवेअरमध्ये 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडून फाइल पुन्हा काढावी. २०२१ च्या ७.० आवृत्तीत तो बंधनकारकच आहे. छायाचित्रे सहसा फाइलीत नसतात, त्यांचा केवळ पत्ता असतो. ती स्वतंत्रपणे न्यावीत. नवी फाइल प्रथम रिकाम्या संचात उघडून व्यक्ती आणि कुटुंबे यांची संख्या ताडून पाहावी. तोवर मूळ संच पुसू नये.