मालिशीने काय साधते?

१९३९ साली परचुरेशास्त्री सेवाग्राम आश्रमात आले. संस्कृतचे हे पंडित येरवडा तुरुंगात गांधीजींबरोबर होते. पण कुष्ठरोगामुळे समाजाने त्यांना दूर लोटले होते. आश्रमात त्यांच्यासाठी कुटी बांधण्यात आली आणि गांधीजी स्वतः त्यांना मालिश करू लागले.

या मालिशीने रोग बरा होणार होता का? नाही. हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये शोधलेला कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंत ठाण मांडतो. कातडी चोळून तो मरत नाही. त्याला आवर घालणाऱ्या सल्फोन औषधांचा वापर १९४१ साली अमेरिकेत सुरू झाला. शास्त्रीजी १९४५ मध्ये वर्ध्याजवळच्या दत्तापूरला निवर्तले.

मग मालिश व्यर्थ होती का? तसेही नाही. मज्जातंतू निकामी झाले की तिथे घाम येत नाही, कातडी कोरडी पडून भेगाळते. बधिरपणामुळे जखम कळत नाही, ती चिघळते. हातपाय पाण्यात भिजवून तेल चोळले की कातडी मऊ राहते. आजही रुग्णांना हे शिकवतात. शिवाय, ज्याला शिवायला लोक घाबरत त्याच्या अंगावर रोज माणसाचा हात फिरत होता.

आपली मालिश असो, बोटांनी दाब देण्याची जपानी शिआत्सू असो, दोन प्रश्न वेगवेगळे विचारायला हवेत. याने आराम पडतो का? याने रोगाचे कारण दूर होते का? पहिल्याचे उत्तर 'हो' आले, म्हणून दुसऱ्याचेही तेच असते असे नाही.