नावामागचा नवस

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत पाककृती आणि विणकाम यांवर लिहिणाऱ्या पुष्कळजणी आहेत. मी यंदा जुन्या नावांविषयी चार शब्द लिहावयाचे ठरविले आहे. हल्ली आपल्या उपनगरात बारसे ठरले की नावाचा अर्थ काय, ते नवे आहे ना, शाळेत मुले चिडवणार नाहीत ना, हे सारे पाहतात. ते पाहावेच. परंतु कोणी आजी-पणजीचे नाव सुचविले की "शी, कसले ते नाव!" असे चटकन उत्तर येते. ज्या नावांना आपण नाक मुरडतो, ती ठेवणाऱ्या आया वेड्या नव्हत्या.

पूर्वी देवी, पटकी या साथींनी घरेच्या घरे ओस पडत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा तर लोक बिऱ्हाडे सोडून पळाले. ज्या आईची मुले एकामागून एक गेली, तिला पुढच्या मुलाला गोड नाव ठेवण्याचीही भीती वाटे. चांगल्या नावाला दृष्ट लागेल, मृत्यूचे लक्ष जाईल, असे तिच्या मनात येई. म्हणून ती धोंडू किंवा दगडू नाव ठेवी, हेतू हा की बाळ दगडासारखे टिकावे. केरू, कचरू ही नावे अशीच. टाकाऊ वस्तूकडे कोण पाहणार? देवापुढे पदर पसरून मागून घेतलेला तो भिकू किंवा भिकाजी. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो, त्यात जन्मलेल्याचेही नाव धोंडू ठेवीत. शब्द ओबडधोबड, पण आत नवस दडलेला.

आता या नावांची माणसे पाहा. महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे नाव धोंडो केशव. त्यांचा जन्म १८५८ सालचा, कोकणातला. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, म्हणून मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. तरी त्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला व १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले आणि १९६२ साली, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, ते वारले. धोंडो हे नाव त्यांना कोठेही आड आले नाही. पुढे सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली, तेव्हा त्यास त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव देण्यात आले. जुहूच्या एस. एन. डी. टी. मध्ये आपल्याकडच्या कितीतरी मुली शिकल्या, त्या अक्षरांतले 'एन' म्हणजे नाथीबाई! तसेच १९०७ साली जर्मनीत स्टुटगार्ट येथे भारताचा झेंडा फडकविणाऱ्या मुंबईच्या पारशी बाई मादाम कामा. त्यांचे नाव भिकाईजी. कानाला भीक ऐकू येते, पण त्यांनी परक्या सरकारापुढे हात पसरला नाही.

यावरून सगळीच जुनी नावे चांगली, असे मात्र मला म्हणावयाचे नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव निंद्य असावे असे सांगितले आहे. म्हणजे तोच दगडू, तोच कचरू एका घरी आईची प्रार्थना, तर दुसऱ्या घरी गावाने लादलेला कमीपणा. दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ साली निघालेल्या 'बलुतं' या आत्मकथनात त्यांनी हा दगडू लपविला नाही, उलट त्यालाच बोलता केला. नकुशा या नावात तर नवस नाहीच. मुलगाच हवा होता, ही पुन्हा आली, पुढची तरी नको, असे त्या नावातून जन्मभर त्या मुलीला ऐकविले जाते. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. ते योग्यच झाले.

बायकांच्या नावांची आणखी एक गोष्ट. लग्नात नाव बदलावयाची चाल असल्याने माहेरचे नाव मागे पडे. रमाबाई रानडे आणि डॉक्टर आनंदीबाई जोशी या दोघींचेही माहेरचे नाव यमुना होते, हे आज किती जणींना ठाऊक आहे? आमच्या सासूबाईंचे नाव लग्नात लक्ष्मी ठेवले होते, परंतु सही त्या भिकूबाई अशीच करीत. त्यांच्या आधीची तीन भावंडे गेली होती, तेव्हा आईने देवापुढे पदर पसरला होता. पुढे ऐन तारुण्यात वैधव्य आले. घाटकोपरच्या चाळीत पापड लाटून त्यांनी चार मुले वाढविली, कोणापुढे हात पसरला नाही.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याला मुलगी झाली आणि त्याने पणजीचे नाव ठेवावयाचे म्हटले. सूनबाई म्हणाली, "काकू, नाव भिकू, आणि शाळेत मुले काय म्हणतील?" तिचेही खोटे नव्हते, नाव आपण ठेवतो, पण वागवावयाचे मुलीला असते. वाद चालला तेव्हा मला जुन्या चालीची आठवण झाली. सासऱ्याचे नाव नातवाला ठेवीत, आणि सुनेने ते उच्चारावयाचे नाही म्हणून हाक मारण्यास बाबा, नाना, आबा असे दुसरे नाव असे. लोकमान्य टिळकांचे खरे नाव केशव, बाळ हे घरातले. एका माणसाला दोन नावे असणे आपल्याकडे नवे नाही. जन्माच्या नोंदीतही नाव वर्षभरात मागाहून विनाशुल्क घालता येते, म्हणून घाईचे कारण नव्हते. शेवटी आत्याने बाळाच्या कानात भिकू हेच नाव सांगितले आणि नोंदीत प्रार्थना असे घातले. देवाकडे मागितलेले ते भिकू, आणि मागणे म्हणजे प्रार्थना. शब्द बदलला, अर्थ घरातच राहिला. घरी सगळे तिला भिकूच म्हणतात, आणि सूनबाई सर्वांत जास्त म्हणते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचेही नाव येते. त्यामुळे प्रार्थनेच्या नावाशेजारी सूनबाईचेही नाव लागले, याचा मला विशेष आनंद वाटला.

तेव्हा भगिनींनो, नाव निवडताना शब्द कसा वाजतो एवढेच पाहू नका. ते कोणी ठेवले, कोणत्या मनाने ठेवले आणि वागवणाऱ्या लेकराला ते पेलेल का, हे तिन्ही पाहा. मायेने ठेवलेले असेल तर त्याची कथा मुलाला लहानपणीच सांगा, म्हणजे कोणी हसले तरी त्याला उत्तर ठाऊक असेल. आणि तिरस्काराने ठेवलेले असेल तर ते खुशाल टाकून द्या. आपल्या घरच्या, चाळीतल्या म्हाताऱ्या बायकांना त्यांची माहेरची नावे विचारा आणि वहीत लिहून ठेवा. त्या आहेत तोवरच ती कळणार आहेत.