कागदी टोपली, विणीची

कागदाच्या अरुंद पट्ट्या आळीपाळीने एकमेकींच्या खालून व वरून गुंफून केलेले, सणाच्या निमित्ताने मुलांनी स्वतःच्या हातांनी सिद्ध करावयाचे, उघड्या तोंडाचे लहान पात्र. महाराष्ट्रात या टोपलीला खरा योग्य काळ मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा. कारण तिळगूळ व हलवा वाटण्यास घरोघर हिंडणाऱ्या मुलांना काही तरी हलके पात्र हवेच असते आणि याच दिवसांत होणाऱ्या बोरन्हाणात तान्ह्याच्या डोक्यावरून ओतलेली बोरे, चुरमुरे, उसाचे करवे नि हलवा वेचताना, ज्याच्या मुठी लहान असतात त्याची फार ओढाताण होते.

ओझर (ता. निफाड, जि. नाशिक) हे बाणगंगेच्या काठचे, मुंबई-आग्रा रस्त्यावरील गाव या दृष्टीने विशेष अनुकूल म्हटले पाहिजे. १९६४ साली येथे विमानांचा कारखाना स्थापन झाल्यापासून गावाची ख्याती त्यामुळे अधिक झाली असली, तरी भोवतालचा मुलूख द्राक्षबागांचा आहे. आणि संक्रांतीच्या सुमारास, ऊन लागून मण्यांचा रंग बिघडू नये म्हणून, घडांना जुनी वर्तमानपत्रे गुंडाळण्याची मेहनत अनेक बागांतून चालू असते. म्हणजे वर्तमानपत्राचा कागद हा काही काम करू शकणारा जिन्नस आहे, ही गोष्ट येथल्या मुलाला निराळी शिकवावी लागत नाही. त्याच जिल्ह्यातील येवले हे एकीकडे पैठणीच्या मागांसाठी आणि दुसरीकडे संक्रांतीच्या पतंगांसाठी प्रसिद्ध आहे. ताणा व बाणा यांची ओळख करून देण्यास याहून जवळचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही.

बालशिक्षणात कागदी विणीला स्थान मिळाले ते जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांच्यामुळे. त्यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची संस्था काढली, १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले आणि मुलांसाठी योजलेल्या हस्तव्यवसायांत कागदी चटई विणण्याचा अंतर्भाव केला. डेन्मार्कमध्ये नाताळच्या झाडावर टांगावयाच्या, मिठाई भरलेल्या हृदयाकृती टोपल्या दोन रंगांचे कागद एकमेकांत गुंफून करतात. त्यांपैकी ज्ञात असलेला सर्वांत जुना नमुना कथाकार हान्स क्रिस्टियन आंडरसन यांनी १८६० च्या सुमारास केलेला आहे. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आरंभिलेल्या व पुढे कोसबाडला नेलेल्या ग्रामीण बालशिक्षणाच्या कार्यात, तसेच अनुताई वाघ यांनी ते नेटाने पुढे चालविले त्या काळात, महागड्या साधनांऐवजी परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तूंवर भर दिला गेला. रद्दी कागदाची टोपली त्या विचाराशी सर्वस्वी सुसंगत आहे.

कागद जाड पण लवचीक असावा. हातकागद मिळाल्यास उत्तम, कारण त्यातील तंतू लांब असल्याने घडीवर तो सहसा फाटत नाही. परंतु वर्तमानपत्रानेही काम उत्तम साधते. आठ सेंटिमीटर रुंदीची पट्टी लांबीच्या दिशेने दोनदा दुमडली म्हणजे दोन सेंटिमीटर रुंदीची चौपदरी पट्टी तयार होते, आणि ती मुलाच्या ओढण्यास दाद देत नाही. दहा सेंटिमीटर बाजूचा तळ व सहा सेंटिमीटर उंची धरल्यास प्रत्येक तळपट्टीची लांबी अशी निघते : तळाचे १०, दोन्ही बाजूंच्या उंचीचे १२ आणि काठ दुमडण्यासाठी दोन्ही टोकांस मिळून ४, म्हणजे २६ सेंटिमीटर. अशा दहा पट्ट्या लागतात, पाच उभ्या व पाच आडव्या. मध्यभागी चौरस तळ विणून, त्याच्या चारही कडांशी मोजपट्टी ठेवून पट्ट्या नखाने दाबून वर उभ्या कराव्यात. नंतर भोवती फिरवावयाच्या तीन पट्ट्या घ्याव्यात; प्रत्येकीची लांबी ४२ सेंटिमीटर, त्यांपैकी ४० भोवतालच्या परिघाचे व दोन जोड चिकटविण्याचे.

या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे, कारण या कामातील सर्वांत सुंदर गोष्ट येथेच आहे आणि घाईत तीच निसटते. उभ्या पट्ट्या चारी बाजूंस मिळून वीस, म्हणजे सम संख्येने असतात; म्हणून एक फेरा ‘खाली-वर’ करीत पुरा झाला की आरंभीच्या ठिकाणी तो बिनचूक मिळतो, पण तीच पट्टी न तोडता पुढे नेली तर दुसरा फेरा पहिल्याच वाटेने जाऊ लागतो व वीण बसतच नाही. म्हणून कागदी टोपलीत प्रत्येक फेरा स्वतंत्र करून त्याची टोके जुळवतात, आणि पुढचा फेरा, पहिला जेथून वर गेला तेथून खाली नेतात. बांबूची एकच कामटी अखंड फिरवावयाची असेल तर उभ्या कामट्या विषम संख्येने ठेवाव्या लागतात. मग वीण आपोआप आळीपाळीने पडते. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे न सांगता त्याच्याकडून एकदा अखंड पट्टी फिरवून घ्यावी आणि कोठे अडले ते त्यालाच शोधू द्यावे. सम-विषमाचा हा धडा पाटीवरच्या कोणत्याही धड्याहून त्याच्या मनात खोल उतरतो.

चार-पाच वर्षांच्या मुलांना मात्र सुट्या पट्ट्या आवरत नाहीत. त्यांना एकाच कागदास, कडा अखंड ठेवून, समांतर चिरा पाडून द्याव्यात व त्या चिरांतून तीन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या ओवून घ्याव्यात. टोपलीचा विचार पुढच्या वर्षी. कापण्याचे काम मोठ्यांचे, विणण्याचे मुलांचे, अशी वाटणी असावी. चुकलेली वीण मुलाच्या नजरेआड दुरुस्त करून ठेवण्याची सवय पुष्कळ पालकांना असते. ती सर्वथा त्याज्य मानावी, कारण चुकलेले घर पट्ट्या घट्ट सारल्याबरोबर स्वतःच उठून दिसते आणि ते दिसण्याची संधी त्या मुलाची असते.

तिन्ही फेरे झाल्यावर उरलेली टोके सर्वांत वरच्या फेऱ्यावरून, एकाआड एक, आत व बाहेर दुमडून गव्हाच्या पिठाच्या खळीने चिकटवावीत. खळ पातळ नसावी, नाही तर कागद फुगतो. मूठ हवी असल्यास चौपदरी पट्टीचीच करावी व तिची टोके तळापर्यंत विणीत खोवावीत, म्हणजे भार काठावर न येता तळावर येतो. कोरडा हलवा व बोरे अशा टोपलीत तशीच ठेवता येतात. तिळगुळाच्या लाडवांना मात्र तेल सुटते व ते कागदात मुरते, म्हणून आधी आत केळीच्या पानाचा अथवा पळसाच्या पत्रावळीचा तुकडा घालावा.