चिंतेमुळे होणारा निद्रानाश आणि संमोहन उपचार

आठवड्यातून किमान ३ रात्री झोप लागत नसेल किंवा मध्येच जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल आणि हे ३ महिने चालले असेल, तर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. त्यामागे अनेकदा चिंता असते. अंथरुणावर पडले की विचार सुरू होतात, छाती धडधडते, आणि ‘आज तरी झोप लागेल ना?’ ही आणखी एक चिंता वाढते. झोपेसाठी केलेली धडपडच झोप उडवते. संमोहन उपचार या धडपडीवर काम करतो.

संमोहन म्हणजे झोप नव्हे

संमोहनात माणूस जागाच असतो. त्याचे लक्ष एकाच गोष्टीवर स्थिरावलेले असते आणि सूचना तो सहज स्वीकारतो. जेम्स ब्रेड या डॉक्टरने १८४३ च्या ग्रंथात या अवस्थेला ग्रीक भाषेतल्या ‘झोप’ या शब्दावरून नाव दिले. पुढे त्यालाच ते चुकीचे वाटले, पण नाव रूढ झाले होते. उपचारात तज्ज्ञ श्वास संथ करायला, अंग सैल सोडायला आणि एखादे शांत दृश्य डोळ्यांपुढे आणायला सांगतात. नंतर रुग्ण हेच घरी स्वतः करायला शिकतो.

लोणावळ्यातील जवळचा धागा

मावळ तालुक्यातील लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. १९६९ मध्ये डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरील शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील अनेकांचा रक्तदाब उतरला. हा अभ्यास झोपेचा नव्हता. पण संथ श्वास आणि एकाग्र लक्ष यांनी शरीराचा ताण उतरतो, हे त्यातून दिसले. संमोहनाची सुरुवातही अशीच होते. फरक असा की शवासनात साधक श्वासाकडे लक्ष ठेवतो, तर संमोहनात पुढे विशिष्ट सूचना दिली जाते.

कितपत उपयोग होतो?

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी तरुणींना दुपारच्या झोपेआधी संमोहनाची ध्वनिफीत ऐकवली. सूचना सहज स्वीकारणाऱ्यांची गाढ झोप वाढली. इतरांना तसा लाभ झाला नाही. निद्रानाशाच्या रुग्णांवरील अभ्यास मात्र लहान आहेत. त्यामुळे प्रौढांसाठी पहिला उपचार म्हणून सीबीटी-आय सुचवला जातो. त्यात झोपेच्या वेळा, सवयी आणि झोपेविषयीचे विचार बदलतात. संमोहन त्याला पूरक ठरू शकते.

काळजी

- घोरताना श्वास अडकत असेल, तर आधी त्याची तपासणी करावी.
- भास होत असल्यास किंवा तीव्र मानसिक आजार असल्यास मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय संमोहन घेऊ नये.
- झोपेच्या गोळ्या स्वतःहून अचानक बंद करू नयेत.
- ‘एका बैठकीत खात्रीने बरे करतो’ अशा जाहिरातींना भुलू नये.

चिंता असह्य झाल्यास सरकारच्या टेलि-मानस या मोफत सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.