हाच तो आवाज : ऑपेराचे गायक आणि कानाची साक्ष

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं, की ऑपेराचे दर्दी म्हणे दोन सुरांत गायकाचं नाव सांगतात. हे खरंच जमतं, की नुसतं मिरवणं असतं? वेळ संपली असं सांगून आम्ही तेव्हा सुटका करून घेतली. खरं म्हणजे उत्तर तयार नव्हतं. आज प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट अशी की हा प्रश्नच तसा नवा आहे. एकोणिसाव्या शतकात ऑपेरा ऐकायचा म्हणजे नाट्यगृहात जायचं. गायक समोर उभा, त्याचं नाव बाहेर फलकावर. आवाजावरून ओळखायची गरजच काय? आवाज शरीरापासून सुटा झाला तो ग्रामोफोनमुळे. एप्रिल १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग नावाच्या ध्वनिमुद्रकानं मिलानच्या एका हॉटेलात एन्रिको कारुसोकडून दहा गाणी गाऊन घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात हाच गृहस्थ कलकत्त्यात गौहर जानसमोर कर्णा लावून बसला होता. गौहर जान गाणं संपल्यावर इंग्रजीत आपलं नाव मोठ्यानं सांगत असे. मुद्रिका तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसांना कोणती तबकडी कुणाची हे कळायला हवं ना! म्हणजे सुट्या झालेल्या आवाजाला सुरुवातीला स्वतःची ओळख स्वतःच द्यावी लागली.

आता कारुसोचाच किस्सा. २३ डिसेंबर १९१३, फिलाडेल्फिया, पुचिनीचा ‘ला बोहेम’. कॉलिनची भूमिका करणारा बास गायक आंद्रेस दे सेगुरोला याचा आवाज ऐन प्रयोगात बसला. चौथ्या अंकात त्याला आपल्या जुन्या कोटाचा निरोप घेणारं गाणं म्हणायचं होतं. ते कारुसोनं, म्हणजे टेनरनं, बासच्या पट्टीत म्हणून टाकलं, आणि प्रेक्षकांना पत्ता लागला नाही. पुढे १९१६ मध्ये त्यानं तेच गाणं गंमत म्हणून मुद्रित केलं. ती मुद्रिका आज ऐकली की आपण लगेच म्हणतो, अरे, हा तर कारुसो! पण आपल्याला आधी सांगितलेलं असतं. त्या रात्री जगातला सर्वांत ओळखीचा आवाज समोर असून कुणी ओळखला नाही, कारण बासचं गाणं बासच म्हणणार हे गृहीत होतं.

मग कान नेमकं काय ओळखतो? थोडं शास्त्र सांगतो, फार नाही. प्रत्येक स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघतात. घसा आणि तोंडाची पोकळी त्यातल्या काहींना उचलून धरते, काहींना दाबते. या निवडीनं आवाजाचा रंग ठरतो. स्वीडिश शास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी दाखवलं, की ऑपेराच्या पुरुष गायकांच्या आवाजात साधारण ३००० कंपनांच्या आसपास एक ठळक उंचवटा असतो. वाद्यवृंदाचा जोर तिथवर येता येता ओसरलेला असतो, म्हणून मायक्रोफोन नसतानाही गायक ऐकू येतो. पण सोप्रानो जेव्हा ‘हाय सी’ लावते तेव्हा तिचा मूळ स्वरच जवळजवळ १०४७ कंपनांचा असतो. पुढचा उपस्वर थेट २०९४ ला, त्यापुढचा ३१४१ ला. मधे सगळं मोकळं. रंग दाखवायला कुंचल्याचे फटकेच थोडे. म्हणून इतक्या उंचीवर ‘आ’ की ‘ई’ हेही धड कळत नाही. मग बाई कोण, हे कशावरून कळणार?

हे लक्षात ठेवून १९५२ च्या लंडनला चला. फुर्टवेंगलर वाग्नरच्या ‘त्रिस्तान आणि इझोल्ड’चं संपूर्ण ध्वनिमुद्रण करत होते. इझोल्ड होती किर्स्टन फ्लागस्टाड, नॉर्वेची, वय ५६. तिच्या पिढीत वाग्नर गाणारी तिच्या तोडीची सोप्रानो नव्हती असं आमचं मत आहे. वाद घालायचा तर नंतर घालू. आवाज भरदार होता, पण दुसऱ्या अंकातले दोन ‘हाय सी’ तिला आता भरवशाचे वाटत नव्हते. ते एलिझाबेथ श्वार्ट्सकॉफनं गायले आणि बेमालूम बसवले. पुढे ही बातमी फुटली. चार तासांच्या कामातल्या त्या दोन स्वरांवर चर्चा झाली, आणि फ्लागस्टाड मनातून दुखावली. आम्हाला तिची बाजू पटते. इतरांनी कानानं काही पकडलं नव्हतं, बातमी वाचून पकडलं होतं.

इतरांनी म्हणतोय, पण आम्ही त्यातच. ही मुद्रिका आम्ही कितीतरी वर्षं निःशंक ऐकली. मग ही हकीकत वाचली, आणि त्या दिवसापासून ते दोन स्वर चक्क परके ऐकू येऊ लागले. पातळ, चंदेरी, श्वार्ट्सकॉफचेच! एका मित्रानं आमची परीक्षा घेतली. कॅसेटवर एकच उंच स्वर ऐकवून म्हणाला, “हाच ना तो उसना?” आम्ही मान डोलावली आणि वर स्वराच्या पोतावर पाच मिनिटं भाष्य केलं. तो पहिल्या अंकातला निघाला, खुद्द फ्लागस्टाडचा. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला अशी फजिती पचवायला बरेच दिवस लागतात.

आपल्याकडे या ओळखीला प्रत्यभिज्ञा म्हणतात. ‘हाच तो देवदत्त.’ समोरचं दिसणं आणि पूर्वीचा संस्कार यांची सांगड. मीमांसकांनी तर यावर फार मोठी इमारत उभी केली. काल ऐकला तोच हा ‘ग’ असं आपण ओळखतो, म्हणून शब्द नित्य आहे असं त्यांचं म्हणणं. नैयायिक म्हणाले, थांबा. ‘मी तेच औषध घेतलं’ असं रोगी म्हणतो तेव्हा ती तीच मात्रा नसते, त्याच जातीची असते. आमच्या कॅसेटवर नैयायिकांचा मुद्दा फिट बसतो. त्या उंचीवर आम्ही व्यक्ती ओळखत नव्हतो, फार तर एक जात ओळखत होतो. नाव बातमीनं पुरवलं होतं.

मग सगळं ढोंगच का? तसंही नाही. गेली चार वर्षं आमच्या कानाला यंत्र आहे. वयानं आधी वरची कंपनं जातात, म्हणजे रंग जिथे असतो तोच भाग. नव्या, लखलखीत मुद्रणातले गायक आता आम्हाला एकमेकांसारखे वाटू लागलेत. पण १९२५ च्या आधीच्या, कर्ण्यात गाऊन घेतलेल्या मुद्रिका तशाच ओळखीच्या राहिल्या. कारण साधं आहे. त्या तंत्रानं २००० ते २५०० च्या वरचं फारसं कधी टिपलंच नव्हतं. आमचं जे गेलं ते तिथे मुळात नव्हतंच. तिथे कारुसो ओळखू येतो तो श्वास कुठे घेतो यावरून, दोन स्वरांच्या मधून घसरत कसा जातो यावरून, ओळीच्या शेवटी अर्धवट हुंदका कुठे सोडतो यावरून. रंग नाही, चाल. लांबून माणूस चालीवरून ओळखावा तसा.

आता एक तुकडा ऐकवतो आणि थांबतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा ग्रंथपाल लायनेल मेपलसन यानं १९०१ ते १९०३ च्या सुमारास चालू प्रयोगांत मेणाच्या नळकांड्यांवर दोन-दोन मिनिटं टिपून ठेवली. यात खरखर इतकी आहे की आधी फक्त पाऊसच ऐकू येईल. ज्यां द रेश्के हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला टेनर. त्याची बाजारात आलेली एकही मुद्रिका नाही, त्याचा आवाज उरला तो या नळकांड्यांवरच. पण पुढचा तुकडा त्याचा आहे की दुसऱ्या कुणाचा, हे आधी सांगत नाही. दिवे थोडे कमी करा हो, आणि तो पंखा बंद करा.